'8 रिश्टर झेलणारी बिल्डिंग' असं काही नसतं
अमुक बिल्डिंग 8 रिश्टरसाठी डिझाइन केलीये म्हणून टेन्शन नाही, असा मेसेज फिरतोय, तर बाबांनो रिश्टरच्या आकड्यावर बिल्डिंग डिझाइन होतच नाही. तो आकडा भूकंपाचा, जमिनीखाली किती ऊर्जा सुटली त्याचा. इंजिनिअर बघतो ते त्या जागेवर जमीन किती जोरात हलेल, खाली खडक की मऊ माती, बिल्डिंगचं वजन किती (जितकी जड तितका फोर्स जास्त, हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं) आणि तिचा स्वतःचा झुलायचा पिरियड (एकदा झुलून परत यायला लागणारा वेळ) किती सेकंदांचा. 1985 ला मेक्सिको सिटीला बसलेल्या भूकंपाचं केंद्र शहरापासून साडेतीनशे किलोमीटरहून लांब होतं, तरी जुन्या तळ्याच्या गाळावर साधारण 2 सेकंदांच्या लयीतले हादरे वाढले आणि जास्त मार बसला तो साधारण त्याच लयीत झुलणाऱ्या मधल्या उंचीच्या बिल्डिंगांना, बुटकी घरं बरीचशी वाचली.

अजून एक, हिशोबात येणारा पूर्ण फोर्स डिझाइनला घेतच नाहीत, कोडप्रमाणे (बांधकामाच्या नियमावलीप्रमाणे) कित्येक पटींनी कमी करतात, कारण मोठ्या भूकंपात तडे गेले तरी चालतील पण कोसळायला नको. ही सूट मिळते ती डिटेलिंगच्या (आतलं स्टील कसं बांधलंय त्याच्या) भरवशावर, म्हणजे कॉलमच्या उभ्या सळ्यांभोवतीच्या रिंगांचे हूक 135 अंशात आत वळवलेले हवेत, 90 वरच सोडले तर कव्हर (स्टीलवरचा काँक्रीटचा थर) उडालं की रिंग उघडते.