‘दोन बोल्टचं काम’ या तक्रारीला वर्कशॉपमालकाचं उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय वाचला आणि तुमच्या मोटरसायकलचं जॉब कार्ड समोर ठेवून हे उत्तर लिहितो आहे. एकच तारा दिलात याबद्दल माझी तक्रार नाही. वेळ तुमचा गेला, पैसे तुमचे गेले, बोलायचा हक्कही तुमचाच. पण तुम्ही लिहिलेलं वाचून उद्या आणखी कोणी घरी पाना घेऊन टेन्शनर (इंजिनातल्या टायमिंग चेनला ताण देणारा भाग) ढिला करायला बसेल, त्याची मला काळजी वाटते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं : इंजिनाची खडखड घालवायला गाडी दिली होती. टेन्शनर बदलणं म्हणजे दोन बोल्टचं, अर्ध्या तासाचं काम. आम्ही मात्र हेड (सिलिंडरच्या वरचा, व्हॉल्व असलेला भाग) उतरवलं, टायमिंग चेन आणि तिला टेकणारी पुढची-मागची दोन्ही गाईड बदलून बिल वाढवलं, गाडी उशिरा दिली. तुम्ही सांगितलेला मॅन्युअल, म्हणजे हाताने जुळवायचा, टेन्शनर बसवला नाही. आणि एवढं सगळं होऊन सकाळी थंड इंजिनातून टिकटिक येतेच आहे.

टेन्शनर दोन बोल्टवर असतो हे अगदी बरोबर. आम्हीही सुरुवात तिथूनच केली होती. पण तो काढल्यावर हातात जे आलं त्याचे फोटो तुम्हाला त्याच दिवशी पाठवले होते, आणि तुमचा होकार आल्यावरच पुढे इंजिन उघडलं. त्या फोटोंत नेमकं काय दिसत होतं ते तेव्हा फोनवर घाईत सांगितलं गेलं असेल, तर आता नीट सांगतो.

पिस्टनने फिरणारा क्रँक आणि व्हॉल्व उघडणारा कॅम यांना टायमिंग चेन जोडते. क्रँक फिरताना तिची पुढची बाजू खाली ओढतो. ती बाजू ताणलेली राहते आणि सिलिंडरच्या मागची बाजू सैल पडते. त्या सैल बाजूला एक लांब, वाकलेली पट्टी (हेच मागचं गाईड) टेकलेली असते, तिच्यावर प्लास्टिकचा थर असतो, आणि तिला मागून टेन्शनरचा दांडा दाबून धरतो. तुमच्या गाडीतला टेन्शनर स्प्रिंग आणि रॅचेटचा आहे. चेन झिजून लांबली की स्प्रिंग दांड्याला पुढे ढकलते, रॅचेटचा खटका पुढच्या दातात बसतो आणि दांडा मागे येत नाही. म्हणजे दांडा किती बाहेर आला आहे यावरून आत किती झीज झाली आहे ते कळतं. तुमच्या टेन्शनरचा दांडा शेवटच्या दातापर्यंत बाहेर आलेला होता. त्याला पुढे जायला जागाच उरली नव्हती. शिवाय अंगठ्याने दाबल्यावर तो दोन दात मागे सरकत होता, कारण खटक्याची धार गोल झाली होती. चांगला टेन्शनर अंगठ्याने दाबून आत जाता कामा नये.

आता तिथे फक्त नवा टेन्शनर लावला असता तर काय झालं असतं? त्याचाही दांडा जवळजवळ पूर्ण बाहेर येऊन बसला असता. काही आठवडे आवाज गेला असता, तुम्ही आम्हाला पाच तारे दिले असते, आणि आतली झीज तशीच चालू राहिली असती. ते काम खरंच अर्ध्या तासाचं होतं. मला ते करायचं नव्हतं.

गाडी देताना तुम्ही स्वतः सांगितलं होतं की आधी एका ठिकाणी टेन्शनरचे बोल्ट ढिले करून पुन्हा आवळल्यावर महिनाभर आवाज बंद झाला होता. नुकसानीतला मोठा भाग इथेच झाला असावा असं माझं स्पष्ट मत आहे. रॅचेटचा टेन्शनर बोल्ट सैल करताच थोडा मागे सरकतो, तेवढ्यात स्प्रिंग दांड्याला आणखी दात-दोन दात बाहेर ढकलते आणि खटका बसतो. मग बोल्ट आवळले की तो वाढलेला दांडा पट्टीला जोराने रेटतो. चेन प्रमाणाबाहेर ताणली जाते. आवाज बंद होतो, ऐकायला छान वाटतं, पण चेन पट्टीच्या प्लास्टिकला घासत राहते. म्हणून आमच्याकडे नियमच आहे की रॅचेटचा टेन्शनर एकदा हलवला की तो पूर्ण बाहेर काढायचा, खटका सोडवून दांडा आत दाबून अडकवायचा, नव्या गॅस्केटवर बसवायचा, आणि बोल्ट आवळून झाल्यावरच दांडा सोडायचा. ते बोल्टही सहा मिलिमीटरचे, बारीक. त्यांना साधारण दहा-बारा न्यूटन-मीटर पुरतात. जोर लावला तर ॲल्युमिनियममधले आटे निघून हातात येतात.

हेड उतरवण्याआधी आम्ही टॅपेट कव्हर काढून टायमिंग, म्हणजे क्रँक आणि कॅमचा मेळ, पाहिलं. क्रँकच्या टोकाच्या मॅग्नेटवरची ‘टी’ खूण केसवरच्या खाचेसमोर आणली तेव्हा कॅम स्प्रॉकेटवरची (कॅमच्या दातेरी चक्रावरची) रेघ हेडच्या कडेला समांतर यायला हवी होती. ती किंचित मागे राहिली होती, एका दातापेक्षा कमी. म्हणजे चेनने दात सोडलेला नव्हता, पण ती लांबली होती. टायमिंग चेन रबरासारखी ताणून लांबत नाही. तिच्या प्रत्येक कडीतली पिन आणि बुश कणाकणाने झिजतात आणि सगळ्या कड्यांची झीज मिळून लांबी वाढते. काढल्यावर चेन ओढून धरून मोजली, ती सर्व्हिस मॅन्युअलमधल्या मर्यादेबाहेर होती. ‘चांगली चेन बदलली’ असं तुम्ही लिहिलं आहे. डोळ्यांना ती चांगलीच दिसते. टायमिंग चेन सहसा तुटेपर्यंत चांगलीच दिसते.

पट्टी मात्र पाहणाऱ्या कोणालाही कळेल अशी होती. चेनच्या दोन्ही कडांनी प्लास्टिकमध्ये दोन समांतर चर पाडले होते, आणि मधोमध एका जागी प्लास्टिक संपून आतलं लोखंड चकचकीत दिसत होतं. पुढच्या गाईडचं वरचं टोक चिरलेलं होतं. ते गाईड तुमच्या इंजिनात हेड उतरवल्याशिवाय निघत नाही, हेड उतरवण्याचं कारण एवढंच. ऑईलच्या जाळीत काळे, नखाएवढ्या पातळ कपच्या सापडल्या. त्या पट्टीच्याच होत्या.

त्या कपच्यांनी मला आवाजापेक्षा जास्त अस्वस्थ केलं. सुटलेलं प्लास्टिक ऑईलबरोबर फिरतं. जाळी तुंबली तर पंपाला ऑईल कमी मिळतं, आणि त्याचा पहिला फटका कॅमला आणि क्रँकच्या बेअरिंगला बसतो. हार्ले-डेव्हिडसनच्या १९९९ मॉडेलपासून आलेल्या ट्विन कॅम इंजिनांचं उदाहरण या धंद्यातल्या बहुतेकांना माहीत आहे. त्यात स्प्रिंगने दाबल्या जाणाऱ्या टेन्शनरचे चेनला टेकणारे प्लास्टिकचे बूट झिजत आणि त्यांचे तुकडे ऑईलमध्ये जात. म्हणून त्या गाड्यांचे जुने मालक ठरावीक अंतराने कॅम कव्हर उघडून बूट तपासतात. २००७ पर्यंत त्या सगळ्या मालिकेत ऑईलच्या दाबावर चालणारे टेन्शनर आले. इंजिन मोठं असो की लहान, चेनला टेकलेलं प्लास्टिक संपलं की पुढचा क्रम तोच असतो.

दात सुटला असता तर काय झालं असतं, हेही सांगतो. कॅम स्प्रॉकेट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्याला ३४ दात धरले तर एक दात म्हणजे कॅमचे साधारण साडेदहा अंश, क्रँकचे एकवीस. एवढ्या चुकीवर इंजिन कदाचित सुरू होईल, पण ओढणार नाही. दोन-तीन दात सुटले तर व्हॉल्व वेळेवर मिटत नाही आणि वर येणारा पिस्टन त्याला धडकतो. सहा हजार आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व सेकंदाला पन्नास वेळा उघडतो-मिटतो. तिथे धडक बसली की व्हॉल्व वाकतो, बऱ्याचदा पिस्टनही जातो. ते काम कोणावर येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

मॅन्युअल टेन्शनरबद्दल. रेसिंगवाले तो वापरतात, त्यांचं इंजिन वरचेवर उघडलं जातं आणि टेन्शनर लावणाऱ्याला तो कसा सेट करायचा ते पक्कं ठाऊक असतं. रोजच्या गाडीत तो बसवला की दर काही महिन्यांनी हाताने जुळवावा लागतो, आणि बहुतेक लोक तो कानाने जुळवतात : आवाज थांबेपर्यंत स्क्रू आवळत जायचं. आवाज थांबतो तोवर चेन जास्त ताणलेली असते. तुमच्या पट्टीची जी गत झाली तीच पुन्हा झाली असती. तुम्ही आग्रह धरलात तरी मी तो बसवणार नाही. याबाबतीत माझं आणि तुमचं मत वेगळं राहिलं तरी चालेल.

आता टिकटिकीबद्दल, कारण तुमचा राग मुख्यतः त्यावर आहे असं दिसतं. दोन आवाज वेगळे ओळखता येतात. सैल टायमिंग चेनचा आवाज खडखडीचा, अनियमित असतो, सिलिंडरच्या चेनच्या बाजूने येतो, आणि आयडलला किंवा थ्रॉटल सोडताना वाढतो. सैल चेन आतल्या गाईडवर आपटते, सायकलची ढिली चेन गार्डवर आपटते तशी. टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व दाबणाऱ्या भागांचा, आवाज एकसारखा, ठेक्यात, हेडच्या वरच्या बाजूने येतो, रेस वाढवली की त्याच प्रमाणात भरभर होतो. तुम्ही पाठवलेल्या व्हिडिओत मला दुसरा ऐकू येतो. टॅपेटचा गॅप आम्ही थंड इंजिनात फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी), सर्व्हिस मॅन्युअलमधल्या मापाला ठेवला आहे. तो आणखी कमी केला तर टिकटिक नक्की जाईल. पण मग गरम झाल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व सीटवर (मिटताना तो जिथे टेकतो त्या कडेवर) पुरता टेकणार नाही. व्हॉल्वमधली उष्णता मुख्यतः सीटमधूनच बाहेर जाते. टेकला नाही की तो जळतो, आणि जळताना आवाज करत नाही. म्हणून थोडी टिकटिक मी राहू दिली आहे, आणि गाडी माझी असती तरी तशीच ठेवली असती.

उशिराबद्दल. मागची पट्टी तयार मिळाली, पुढचं गाईड मागवावं लागलं. ते येईपर्यंत जुनं गाईड लावून गाडी देणं शक्य होतं, पण चिरलेलं गाईड परत आत घालायला मी तयार नव्हतो. हेड बसवताना नवं गॅस्केट, ठरलेल्या क्रमाने आणि टप्प्याटप्प्याने बोल्ट आवळणं, मग सेल्फ न लावता क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून सगळ्या खुणा पुन्हा जुळवून पाहणं, हे सगळं केलं. या हाताच्या फेऱ्यांना मी कधीच फाटा देत नाही. खूण चुकली असेल आणि कुठे अडकलं तर ते हाताला कळतं, सेल्फला कळत नाही.

तुमचे जुने भाग, म्हणजे टेन्शनर, दोन्ही गाईड, चेन आणि जाळीतल्या त्या कपच्या, तुमच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवले आहेत. तुम्ही गाडी न्यायला आलात त्या दिवशी घाईत होतात, ते तसेच राहिले. नवी चेन आणि जुनी चेन शेजारी शेजारी टांगून फरक तुमच्या डोळ्यांनी पाहता येईल. दुसऱ्या मेकॅनिकला दाखवायचे असतील तर खुशाल घेऊन जा.

पुढच्या ऑईल बदलाच्या वेळी जाळी पुन्हा उघडून पाहू. जुन्या कपच्यांपैकी एखादी कुठे अडकून राहिली असेल तर ती तेव्हा मिळेल. त्याची मजुरी लावणार नाही. टॅपेटही त्याच वेळी पुन्हा मोजू.

आणि आवाज वाढला, किंवा ठेका सोडून खडखडू लागला, तर दाखवायला उशीर करू नका. गाडी चालवत आणून लगेच दाखवलीत तर इंजिन गरम असतं आणि हा आवाज ऐकू येत नाही. म्हणून आदल्या संध्याकाळी आणून ठेवा आणि सकाळी उघडायच्या वेळेला या. आम्ही तोवर ती सुरू करणार नाही, पहिला सेल्फ तुम्हीच मारा. टॅपेट कव्हर तुमच्यासमोर काढू.