स्टेशनपासून 400 मीटर

मोठ्या शहरात चार दिवस राहायचं तर हॉटेल शोधायला किती वेळ लागावा? मला अकरा रात्री लागल्या.

आधी भाग ठरवायचा. मध्यवस्तीत खोली काडेपेटीएवढी आणि भाडं बंगल्याएवढं. कडेला राहावं तर दिवसाचे दोन तास प्रवासात. मधला एक भाग सापडला. त्याबद्दल एकजण लिहितो, 'अतिशय शांत वस्ती.' त्याच्याच खाली दुसरा, 'रात्री नऊनंतर रस्त्यावर चिटपाखरू नाही, जीव मुठीत धरून परतलो.' दोघं एकाच गल्लीबद्दल बोलत होते.

मग गुण. दहापैकी 7.8. शाळेत मला एवढे कधी पडले नाहीत, पण हॉटेलाच्या जगात हा काठावर पास. तारे बघावेत म्हटलं, तर ते द्यायचा जगभर एकच असा नियम नाही. बऱ्याच ठिकाणी लिफ्ट आहे का, काउंटर किती तास उघडा, असलं मोजतात. झोप लागते का, हे मोजायला कोणी येत नाही.

फोटोत खोली एवढी लांबरुंद की आत कवायत घ्यावी. मी हरखलो. बायकोने चष्मा लावून पाहिलं. "पलंगाच्या कडेला काय आहे?"

"भिंत."

"आणि दुसऱ्या कडेला?"

"भिंतच."

"मग बॅग कुठे उघडायची? पोटावर?"

वाइड अँगल लेन्सने कोनाड्याचाही दिवाणखाना होतो, हे मला ठाऊक होतं. पण तेवढ्यात लाल अक्षरांत आलं, 'शेवटची एकच खोली शिल्लक!' आणि माझं बोट माझ्याआधी निर्णय घेऊन मोकळं झालं. कर शेवटच्या पानावर जोडले गेले. दुसऱ्या दिवशी सहज डोकावलो, तर अजूनही एकच खोली शिल्लक.

माझा हुकमी एक्का होता, 'स्टेशनपासून 400 मीटर.' होतंच. पण ते कावळ्यासाठी. आमच्या आणि हॉटेलच्या मध्ये रेल्वेचे रूळ होते. पादचारी पुलाला 62 पायऱ्या. मी मोजल्या, कारण दोन्ही बॅगा माझ्याकडे होत्या. बॅगांना चाकं होती, पण पायरीवर त्यांचं ओझंच होतं. पलीकडे उतरून, वळसा घालून हॉटेल गाठायला पाऊण तास लागला. तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि खोली दुपारी दोनला मिळणार होती. अकरा रात्रींत हे एवढं बघायचं राहून गेलं होतं.

बायको लॉबीतल्या सोफ्यावर पाय पसरून बसली. "जागा ऐसपैस आहे," म्हणाली, "खोली कशाला घेतलीस?"

परतल्यावर हॉटेलचा मेल आला, कृपया आपला अभिप्राय कळवा. बायको खांद्यावरून बघत होती. अकरा रात्रींची अब्रू पणाला लागली होती.

मी लिहिलं, 'शांत वस्ती. स्टेशन अगदी जवळ.'