वही फाडून हिशेब सुधारत नाही

जीडीपीविरुद्धचा एक मजकूर सध्या या गटातून त्या गटात फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जीडीपी (देशांतर्गत एकूण उत्पादन) हा नव्वद वर्षांपूर्वी गोठलेला आकडा आहे. भूकंप झाला, जंगल तुटलं, तरी तो वाढतो. घरकामाला तो शून्य किंमत देतो, मोफत ॲप त्याला दिसत नाहीत. तेव्हा तो रद्द करा आणि उपग्रहांची छायाचित्रं, ऑनलाइन व्यवहार आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांतून रोज निघणारा एकच ‘कल्याण निर्देशांक’ त्याच्या जागी बसवा. राष्ट्रीय लेख्यांचं, म्हणजे देशाच्या उत्पादन-उत्पन्नाच्या हिशेबवहीचं, भविष्य म्हणजे हेच.

या मजकुरातली चीड मला पटते. उपाय मात्र घातक वाटतो, म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देतो.

‘गोठलेला आकडा’ हे सरळ चूक आहे. १९३४ साली अर्थतज्ज्ञ सायमन कुझ्नेट्स यांनी अमेरिकी सिनेटला राष्ट्रीय उत्पन्नाचा अहवाल दिला. या मोजमापावरून राष्ट्राच्या कल्याणाचा अंदाज क्वचितच बांधता येईल, असा इशारा त्या पहिल्या अहवालातच होता. म्हणजे आज शोध लावल्यासारखी जी टीका होते, ती मोजणाऱ्यानेच आधी लिहून ठेवली होती. पुढे संयुक्त राष्ट्रांनी १९५३ साली राष्ट्रीय लेख्यांची समान पद्धत ठरवली आणि १९६८, १९९३, २००८ आणि २०२५ मध्ये ती बदलली. १९९३ मध्ये सॉफ्टवेअर गुंतवणुकीत धरलं गेलं, २००८ मध्ये संशोधनावरचा खर्च. मार्च २०२५ मध्ये मंजूर झालेल्या आवृत्तीत ‘डेटा’ ही उत्पादित मालमत्ता ठरली आहे. वेग कमी आहे, हे मान्य. पण जगभरच्या देशांनी एकाच व्याख्येने मोजायचं, तर घाई करून चालत नाही.

आता भूकंप. इथे मजकूर लिहिणाऱ्याने वहीचं एकच पान वाचलं आहे. जीडीपी सांगतो, ठरावीक काळात किती नवं उत्पादन झालं. भूकंपात घर पडलं तर ते उत्पादन नाही, साठ्याचा नाश आहे. त्याची नोंद मालमत्तेतल्या इतर बदलांच्या खात्यात होते आणि वर्षअखेरच्या ताळेबंदात संपत्ती तेवढी घटलेली दिसते. बंद पडलेल्या कारखान्याचं न झालेलं उत्पादन जीडीपीतूनही गळतं. नंतर गवंडी येतात, भिंती उभ्या राहतात, तेव्हा ते काम उत्पादनात धरलं जातं, कारण ते खरोखर झालेलं असतं. त्या गवंड्याचे श्रम आणि मजुरी मोजू नका, असं कोण म्हणेल? देश त्यामुळे श्रीमंत झाला का, याचं उत्तर ताळेबंदात आहे. दोष द्यायचाच तर ते पान न छापणाऱ्यांना आणि न वाचणाऱ्यांना द्यावा.

जंगल आणि खाणींच्या बाबतीत मात्र टीकाकार बरोबर होते, आणि हे मी हातचं न राखता लिहितो. यंत्र झिजलं की घसारा धरायचा, पण जमिनीतलं खनिज उपसून संपवलं तर ते उत्पादनाचा खर्च धरायचं नाही, हा अन्याय कित्येक दशकं चालला. खाण रिकामी करून मिळालेला पैसा निव्वळ उत्पन्न म्हणून मिरवता येत होता. घरातलं सोनं विकून आलेल्या पैशाला पगार म्हणण्यासारखंच हे. २०२५ च्या पद्धतीत ही चूक दुरुस्त झाली आहे. नैसर्गिक साधनांची झीज आता उत्पादनाचा खर्च म्हणून वजा होईल आणि झीज वजा करून उरणाऱ्या निव्वळ देशांतर्गत उत्पादनाला पूर्वीपेक्षा ठळक स्थान मिळेल. त्याआधी, २०१२ साली, पर्यावरणीय लेख्यांची मध्यवर्ती चौकट मंजूर झाली होती आणि २०२१ साली परिसंस्थांच्या लेख्यांची. ही टीका इतकी फळाला आली, कारण ती वहीच्या भाषेत मांडली गेली: कोणत्या खात्यात, कोणत्या बाजूला, किती. नुसतं ‘रद्द करा’ म्हणत राहिलो असतो, तर खाणीतला एक टनही वजा झाला नसता.

घरकामाचा प्रश्न याहून अवघड आहे. त्याला पूर्ण शून्य किंमत आहे, हे खरं नाही. स्वतःच्या वापरासाठी पिकवलेलं धान्य धरलं जातं, गोळा केलेलं सरपण धरलं जातं, डोक्यावरून आणलेलं पाणीसुद्धा धरलं जातं. पण त्याच पाण्यात शिजवलेला भात धरला जात नाही, कारण घरातल्या घरात वस्तू तयार केली तर ती उत्पादनाच्या सीमेच्या आत आणि सेवा केली तर बाहेर, असा नियम आहे. स्वतःच्या घरात राहणाऱ्याचं मानीव भाडं (तेच घर भाड्याने दिलं असतं तर आलं असतं ते) तेवढं आत येतं. ही रेघ मला कधीच न्याय्य वाटली नाही. तिच्यामागे कारण मात्र आहे. स्वयंपाक आणि संगोपन यांची किंमत स्वयंपाक्याच्या बाजारमजुरीने धरायची, की त्या बाईने बाहेर जे कमावलं असतं त्याने? दोन्ही उत्तरांत प्रचंड फरक पडतो आणि तो आकडा मूळ बेरजेत घुसला तर मंदी आली की गेली, हेच कळेनासं होईल. म्हणून ते वेगळ्या पूरक लेख्यात, वेळवापर पाहणीच्या (लोकांचा दिवसाचा वेळ कोणत्या कामात जातो याच्या पाहणीच्या) आधारे मांडायचं, असा मार्ग निघाला आहे. २०१३ साली जागतिक श्रम-संख्याशास्त्रज्ञांच्या परिषदेने बिनपगारी कामालाही ‘काम’ हीच संज्ञा दिली. आता मागणी करायची ती वेळवापर पाहणी नियमित व्हावी, ही. दहा वर्षांतून एकदा झालेल्या पाहणीवर कुणाच्याही श्रमांचा हिशेब उभा राहत नाही.

मोफत ॲपबद्दल थोडक्यात: त्यांचा जाहिरातींतून येणारा पैसा अर्थव्यवस्थेच्या हिशेबात येतोच. वापरणाऱ्याला मिळणारं समाधान येत नाही, पण ते सार्वजनिक बागेचंही कधी आलं नव्हतं.

माझा खरा आक्षेप त्या ‘एकाच निर्देशांका’वर आहे. आरोग्याला किती भार, उत्पन्नाला किती, स्वच्छ हवेला किती, हे कोण ठरवणार? मानव विकास निर्देशांक १९९० पासून आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न यांना समान भार देतो. २०१० मध्ये साध्या सरासरीऐवजी गुणोत्तरीय (बेरजेऐवजी गुणाकारावरून काढलेली) सरासरी आली. नुसत्या अशा बदलाने देशांचे क्रम हलू शकतात, तिथल्या एकाही माणसाचं आयुष्य तसूभर न बदलता. तो निर्देशांक आपलं मर्यादित काम चोख करतो, माझी तक्रार त्याच्याविरुद्ध नाही. पण त्याच्या आधारे कर्जाचं ओझं तोलता येत नाही, करवसुलीचा अंदाजही बांधता येत नाही. स्टिग्लिट्झ, सेन आणि फितूसी या अर्थतज्ज्ञांच्या आयोगाने २००९ साली जीडीपीवर कठोर टीका केली, आणि त्याच अहवालात गाडीचा दाखला दिला: वेग आणि उरलेलं इंधन यांची मिळून एकच संख्या दाखवली, तर चालकाला दोन्हींतलं काहीच कळणार नाही.

याहून मोठी गोष्ट म्हणजे ताळा. राष्ट्रीय लेखे तीन वाटांनी काढता येतात: किती उत्पादन झालं, किती उत्पन्न वाटलं गेलं, किती खर्च झाला. एकाचा खर्च हे दुसऱ्याचं उत्पन्न असतं, म्हणून तिन्ही जुळायला हवेत. जुळले नाहीत तर फरक उघडा पडतो, तो विसंगती म्हणून छापला जातो आणि कुणीतरी तो शोधायला बसतो. अर्थतज्ज्ञ रिचर्ड स्टोन यांना १९८४ चं नोबेल मिळालं ते या जुळणीच्या पायाभरणीसाठी. निर्देशांकाला दुसरी बाजूच नसते. त्यात चूक झाली किंवा कुणी मुद्दाम केली, तर ती उघडी पडायला जागा नाही.

आयर्लंडचं उदाहरण पाहा. २०१५ ची वाढ सुमारे २६ टक्के जाहीर झाली. मुख्य कारण होतं बहुराष्ट्रीय कंपन्यांनी बौद्धिक मालमत्ता त्या देशात आणून ठेवणं. त्या आकड्यावर टीका झाली, पण तो कुठल्या नोंदीमुळे फुगला हे सांगता आलं आणि पुढे तिथल्या सांख्यिकी कार्यालयाने तो परिणाम वगळणारा सुधारित राष्ट्रीय उत्पन्नाचा आकडा द्यायला सुरुवात केली.

राहिली कृत्रिम बुद्धिमत्ता. रात्रीच्या दिव्यांवरून उलाढालीचा अंदाज बांधता येतो, आकडेच नसलेल्या प्रदेशात तो मोलाचाही ठरतो. पण शेती रात्री चमकत नाही. रस्त्यावर जुन्या दिव्यांऐवजी एलईडी आले की शहर उपग्रहाला मंद दिसू शकतं, कारण त्यांच्या प्रकाशातला निळा भाग त्यावरच्या संवेदकाला नीट टिपता येत नाही. ऑनलाइन व्यवहारांचंही तसंच. जुनं घर विकलं, शेअर विकले, की पैसा हलतो, पण दलालीपलीकडे नवं काही तयार होत नाही. एकच माल पाच हातांतून गेला तर पाच व्यवहार होतात. त्यातलं मूल्यवर्धन, म्हणजे प्रत्येक हाताने घातलेली नवी भर, वेगळं काढायला खर्चाचा तपशील लागतो. मुळात असे अंदाज बांधणारी संगणकी प्रारूपं घडवायची आणि तपासायची ती पाहण्यांच्या आणि लेख्यांच्याच आकड्यांवर. तेच बंद केले तर ताडून कशाशी पाहायचं?

आणि धोका नेमका तिथे आहे. लोक पाहण्यांना उत्तरं देईनासे झाले आहेत. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रतिसाद घटल्यामुळे श्रमशक्ती (रोजगार-बेरोजगारीच्या) पाहणीचे आकडे काही काळ थांबवावे लागले होते. २०२५ ची पद्धत देशांनी २०२९-३० च्या सुमारास अमलात आणावी, अशी अपेक्षा आहे. त्यासाठी खनिजसाठ्यांचं मूल्यांकन, वेळवापराच्या पाहण्या आणि हे काम जाणणारी माणसं लागतील. तो मजकूर पुढे पाठवण्याआधी आपल्या देशाच्या सांख्यिकी कार्यालयाला एक पत्र लिहा: झीज वजा केलेला निव्वळ आकडा तुम्ही कधीपासून देणार, आणि घरकामाची पुढची पाहणी कोणत्या वर्षी?