'आधी' म्हणजे आधी

झालं. सकाळी पत्र आलं. इथे इंग्लंडमध्ये माझ्या शेडवर कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, विनापरवाना बांधकामाची नोटीस काढली होती; तिच्यावरचं माझं अपील सरकारी अपील खातं दाखलच करून घेत नाही! का? तर नोटीस 14 तारखेला लागू होणार होती आणि मी अपील पाठवलं 14 लाच, ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत, एका हातात पोळीचा घास धरून. नोटिशीत म्हणे स्पष्ट लिहिलं होतं: 14 पासून लागू, 'त्याआधी' अपील केलं नाही तर. आधी! म्हणजे 13 ला रात्री बाराच्या आत. जगात कुठेही 14 तारीख दिली की माणूस 14 ला संध्याकाळी पळत जातो. इथे तोवर खेळ खलास.

बरं, उशीर का झाला, आजारी होतात का, काही विचारायचं नाही. मुदत वाढवायचा अधिकारच आम्हाला नाही, असं लिहून खाली 'काइंड रिगार्ड्स'. या काइंड रिगार्ड्सने माझं डोकं पहिल्यापासून फिरतं.

आणि आता दुसरीकडेही तोंड उघडायचं नाही. 1990 चा इथला नगररचना कायदा म्हणतो, जे मुद्दे अपिलात मांडता आले असते ते कोर्टात काढायचे नाहीत. उद्या खटला भरला तरी 'ही शेड नियमात बसते हो' म्हणायची सोय नाही. मागाहून परवानगी मागावी, तर नोटीस निघालेली असल्यामुळे कौन्सिल तो अर्ज न बघताच परत करू शकते. नुसतं 'नोटिशीतले तीन महिने पुरत नाहीत, जरा वेळ द्या' असं हक्काने म्हणायचं, तरी त्यालासुद्धा अपीलच लागतं; नाहीतर कौन्सिलची मर्जी. 'परवानगी द्या' असा मुद्दा अपिलात घातला की फी दुप्पट. ती वाचली एवढाच काय तो फायदा.

हे सगळं कशासाठी? परसातल्या एका शेडसाठी. कुंपणापासून दोन मीटरच्या आत असेल तर परवानगीशिवाय उंची 2.5 मीटरपर्यंतच, माझी 2.7. त्यात ठेवलंय काय, तर दोन ढोल आणि बंद पडलेली व्यायामाची सायकल. तक्रार कोणी केली ते कौन्सिल सांगत नाही. पण शेजारचा, ज्याने शेडच्या उद्घाटनाला चार करंज्या खाल्ल्या, तो हल्ली मान वर करत नाही. त्याचं स्वतःचं झाड माझ्या गटारावर पानं टाकतं, ते चालतं.

बिल्डरही तसलाच. 'नो प्रॉब्लेम, परमिशन लागत नाही' म्हणाला आणि एप्रिल 2024 चं काम मेमध्ये संपवलं. 25 एप्रिलच्या आधी झालं असतं तर चार वर्षांनी कौन्सिलला कारवाई करता आली नसती आणि मी सुटलो असतो; त्या तारखेपासून नियम बदलला, आता दहा. अर्थात नोटीस दोन वर्षांतच आली, त्यामुळे हा राग तसा फुकटच.

खरं सांगायचं तर बिल्डर सपाट छप्पर घालत होता. मीच अडवलं. कोकणातला माणूस, उतरत्या छपराशिवाय चैन पडेना. आणि नोटिशीचं पाकीट पहिले बारा दिवस पिझ्झाच्या जाहिरातींखाली पडलं होतं. इथे कसं सगळं वेळेवर, नियमाने चालतं, हे दर सुट्टीत रत्नागिरीला जाऊन ऐकवणारा मीच. भावाला आज फोनवर सांगितलं, तर म्हणतो, 'साहेबाला एकदा भेटून बघ ना.'

मघाशी बायको टेप घेऊन मोजून आली. 2.74 भरतंय. म्हटलं, हे कोणाला बोलू नकोस.