बक्षीस माझं ना? मग फी पण त्यातूनच कापा की!

वैताग आलाय, नुसता वैताग. काल रात्री साडेनऊला कराडहून काकांचा फोन, आवाज एकदम खुशीत, म्हणाले अरे ते माझे गेलेले पैसे परत मिळतायत, दिल्लीहून रिकव्हरी विभागाचा मेल आलाय, फसलेल्या लोकांच्या यादीत माझं नाव सातवं आहे, फक्त 6,500 रुपये फाइल ओपनिंग चार्ज भरायचाय. मी जेवत होतो, घास हातात तसाच राहिला. म्हटलं काका, परत?? तर म्हणे हे वेगळं आहे रे, हे सरकारी आहे.

मागचंपण सरकारीच होतं! थेट रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरचा मेल होता तो. संयुक्त राष्ट्रांच्या कसल्यातरी फंडातून काकांना 4 कोटी 70 लाख मंजूर झालेत, खाली सही, गोल शिक्का, अशोकस्तंभ, सगळं टेचात. आणि रिप्लाय दाबला की पत्ता उघडतो जीमेलचा. देशाच्या नोटांवर ज्याची सही असते तो माणूस जीमेलवरून मेल करतोय, आणि तोही कराडच्या रिटायर्ड हेडमास्तरला 'डियर बेनिफिशियरी' म्हणून, नाव पण नाही! ज्या माणसाने आयुष्यभर पोरांच्या निबंधातले ऱ्हस्व-दीर्घ लाल पेनाने गोल करून ठेवले त्याला त्या मेलमधलं गचाळ इंग्लिश दिसलं नाही. काकांनी त्याची प्रिंट काढून आणली, दहा रुपये देऊन लॅमिनेट केली, फाइलमध्ये घातली आणि फाइल देव्हाऱ्यात. हळदीकुंकू लावून. मी डोळ्याने बघितलंय, 4 कोटीच्या आकड्यावर कुंकवाचं बोट.

आता पैसे कसे गेले ते ऐका. पहिले 12,500, रजिस्ट्रेशन. मग 38,000, कारण परदेशी पैसा आहे तर म्हणे अँटी टेररिस्ट सर्टिफिकेट लागतं (हे नाव ऐकून मला हसू आलं होतं, नंतर रक्कम ऐकली). मग पौंडाचे रुपये करायचे 65,000. मग 72,000 'शेवटचा' टॅक्स. टोटल 1,87,500, आणि प्रत्येक वेळी खातं वेगळं, माणूस वेगळा, राज्य वेगळं. सगळी साधी सेव्हिंग खाती, कुणाच्यातरी नावावर कमिशनने घेतलेली. रिझर्व्ह बँक साध्या माणसाचं पैसे ठेवायचं खातं उघडत नाही, कुणाचा फंड सांभाळत नाही, कुणाकडून फी मागत नाही, हे ती बँक स्वतः किती वर्षं ओरडून सांगतेय. पण ते वाचतो कोण, मेल मात्र चार-चार वेळा वाचला जातो.

आणि माझा एकच प्रश्न आहे जो मी तेव्हापासून सगळ्या नातेवाइकांना विचारतोय, 4 कोटी 70 लाख तुमच्या नावावर पडलेत ना, मग ते 12,500 त्यातूनच कापून घ्या की! उरलेले द्या! कापत का नाहीत? आपल्याकडे खरी लॉटरी लागली तर रोख बक्षिसावरचा 30 टक्के टीडीएस देणाराच कापून घेतो, तुम्हाला आधी खिशातून भरायला लावत नाही. आणि खऱ्या लॉटरीचं तिकीट तरी काढावं लागतं हो. न काढलेल्या तिकिटाला बक्षीस कसं लागतं? पार्सलवाली टोळी असते ना, लंडनच्या मित्राने गिफ्ट पाठवलंय, एअरपोर्टला कस्टममध्ये अडकलंय, त्यांचंही गणित हेच. आज नोकरीचं ऑफर लेटर, उद्या लोन, नाव काहीही असूदे, मिळणाऱ्या पैशासाठी आधी पैसे मागितले की विषय संपला, पुढचं वाचूच नका.

काकांचा यावर मुद्दा होता की 38,000 न भरता थांबलो असतो तर आधीचे 12,500 बुडाले असते ना. मेथीची जुडी पाच रुपयांनी कमी करायला भाजीवालीशी दहा मिनिटं घालणारा माणूस! पण तिथेच तर पकडतात. पहिली फी लहान असते, नंतर तुम्ही बक्षिसासाठी भरतच नसता, आधीचे भरलेले वाचवायला भरता.

धंदा जुनाच आहे. टपालाच्या काळात स्पेनच्या तुरुंगातल्या श्रीमंत कैद्याच्या नावाने हीच पत्रं जायची, याला सोडवा, खजिन्यात वाटा देतो. नायजेरियात तर फसवणुकीच्या कलमावरून याला नावच पडलं 419. आपलं 420, एकाचा फरक. (आता न्याय संहितेत आपलं 318 झालंय, पण शिवी चारसोबीसच राहणार.)

आणि दुसरा राग त्या शहाण्यांचा, जे फॅमिली ग्रुपवर हसणाऱ्या इमोज्या टाकतात की इतका बावळट मेल, कोण फसतं बाबा. अरे तो मेल मुद्दाम बावळट असतो! मायक्रोसॉफ्टच्या रिसर्चमधल्या कॉर्मॅक हर्लीने 2012 मध्ये हेच मांडलं, की मेल असा लिहायचा की शंकेखोर माणूस हसून डिलीट करेल आणि जो उत्तर देईल तो शेवटपर्यंत येईल. चाळण आहे ती. तुम्ही हसलात म्हणजे त्यांचा वेळ वाचला. तुमच्या हसण्यापायीच काकांनी पाच महिने घरात कुणाला सांगितलं नाही, काकूला एफडी मोडलेली कळली ती बँकेत पासबुक भरायला गेल्यावर. पैसे गेल्या गेल्या सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन केला असता तर पुढच्या खात्यात निदान होल्ड तरी लागू शकला असता, पाच महिन्यांनी काय लागणार, डोंबल? पोलीस स्टेशनला साहेबांनी अर्ज घेतला, चहा दिला, बाकी काय करणार ते.

तसा मीपण धुतल्या तांदळाचा नाही. पहिला मेल आला तेव्हा काकांनी मला फोन केला होता, रिझर्व्ह बँक मेल करते का रे. मी मीटिंगमध्ये होतो, म्हटलं संध्याकाळी करतो. केला नाही. त्या चोराने मात्र रोज सकाळी फोन केला, 'सर, नाश्ता झाला का' विचारून.

आता हे रिकव्हरीवाले. हेपण तेच असणार, किंवा त्यांच्याकडून यादी घेतलेले दुसरे, एकदा भरणाऱ्याचा नंबर विकला जातो. काल पाऊण तास भांडलो. शेवटी काका म्हणाले बरं नाही भरत, पण ते 'बरं' कसलं आहे ते मला माहितीये, म्हणून शनिवारी जातोय आणि नेट बँकिंगची लिमिट पाच हजारावर आणून ठेवणार, शिव्या खाल्ल्या तरी चालतील.

फोन ठेवताना काकूने घेतला. विचारत होती, ती फाइल देवाजवळून काढून टाकू का रे आता? मागून काकांचा आवाज आला, "असू दे तिथेच, पुरावा आहे."