कोशिंबीर कुणाच्या डावीकडे?

काटा कुठल्या हाताला आणि सुरी कुठल्या हाताला यावरून आपल्याला हसणारे जे लोक असतात ना, त्यांना एकदा आमच्या आत्याच्या देखरेखीखाली केळवणाचं पान वाढायला लावलं पाहिजे. त्या काट्याचमच्यांचं काय हो, बाहेरून सुरुवात करायची आणि आत आत यायचं, संपला विषय. आपल्याकडे पानाला भूगोल असतो. वर मधोमध मीठ, त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, मग चटणी, लोणचं, कोशिंबीर, उजवीकडे बटाट्याची भाजी आणि वाटीत अळूची पातळ भाजी, मधे वरणभाताची मूद आणि मुदीवर तूप. तूप पडेपर्यंत कुणी पानाला हात लावायचा नाही, पोटात कावळे ओरडोत नाहीतर मोर नाचोत.

हे मला लहानपणापासून पाठ आहे, आणि पाठ असून शष्प उपयोग नाही. कारण डावीकडे म्हणजे जेवणाऱ्याच्या डावीकडे. पंगतीत वाढपी समोरून वाकून वाढतो, म्हणजे कोशिंबीर त्याच्या उजव्या बाजूला पडायला हवी. पिढ्यानपिढ्या लोकांनी हे उलटं गणित हातात बसवलं आणि मग आम्ही काय केलं, तर फर्निचरवाल्याकडून सहा खुर्च्यांचं डायनिंग टेबल आणलं. टेबलावर जेवणाऱ्याच्या मागून, खांद्यावरून वाढावं लागतं, म्हणजे डावं ते डावंच. पण आमचं टेबल एका बाजूच्या खुर्च्या भिंतीला टेकतील इतकं भिंतीजवळ आहे, कारण नाहीतर फ्रिजचं दार उघडत नाही. त्यामुळे भिंतीकडच्या तिघांना समोरून वाढायचं आणि बाकीच्या तिघांना मागून, म्हणजे एकाच फेरीत एकाच हाताने तीन चटण्या सुलट आणि तीन उलट. इंजिनिअरिंगला मिरर इमेजवर मार्क मिळवलेत मी, पण तेव्हा हातात पंचामृताचं पातेलं नव्हतं आणि मागे आत्या नव्हती.

आत्या हातातल्या डावानेच दिशा दाखवते. "अरे, कोशिंबीर कुठे चालली? ती काय भाजी आहे का?" तेही सगळ्यांसमोर, जावईबापू बसलेले असताना.

केळवण पूर्वी किती सुटसुटीत होतं. लग्न ठरलेल्या मुलीने किंवा मुलाने नातेवाईकांकडे जायचं, पोटभर जेवायचं, आहेर घ्यायचा, घरी यायचं. आता त्याला डेकोरेशन लागतं. आमच्याकडे चुलत बहीण आणि होणारे जावई असे दोघं एकदमच आले होते, त्यामुळे बायकोने शेवंतीच्या पाकळ्यांची महिरप केली, दोन्ही पानांभोवती रांगोळी काढली (सनमायकावर!), मागे लाइटच्या माळा आणि पुठ्ठ्याचा 'केळवण' असा बोर्ड. रांगोळी उडू नये म्हणून पंखा बंद. फोटो होईपर्यंत कुणी हलायचं नाही. उकाड्याने माणसं वितळत होती, फक्त मुदीवरचं तूप तेवढं थिजत होतं, हे कसं काय ते मला अजून कळलेलं नाही.

केळीची पानं खरी आणायची हा आत्याचा हट्ट. पानाचा शेंडा जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला आला पाहिजे, तो कापायचा नाही. जमिनीवर हे ठीक आहे हो, दोन पाटांमध्ये हातभर जागा सोडता येते. टेबलावर एकाचा शेंडा शेजारच्याच्या अळूत. शेवटी नवरानवरीला खरी पानं आणि बाकीच्यांना केळीचं पान छापलेल्या कागदी प्लेटा असा तह झाला. त्या प्लेटेला शेंडा कुठला आणि देठ कुठला ते छापणाऱ्यालाही माहीत नसावं, तरी आत्याने सगळ्या फिरवून फिरवून बघितल्या.

फोटो झाले, उखाणा झाला आणि जावईबापूंनी डावा हात पुढे केला.

डावखुरे! एकदम शांतता. मला मात्र मनातून इतका आनंद झाला की सांगू नका, कारण आता पानाचा पूर्ण नकाशाच उलटा करावा लागणार, आणि मी म्हणालोच, "आत्या, यांची कोशिंबीर उजवीकडे घेऊ का?" चटणी-लोणचं डावीकडे का, तर ते थोडंथोडं लावायचं असतं आणि भाजी-भात खाणाऱ्या हाताच्या जवळ हवा, एवढा साधा हिशोब आहे माझ्या मते. मग हात बदलला की बाजू बदलायला नको का?

आत्याने माझ्याकडे बघितलंही नाही. जावईबापूंना म्हणाली, "तुम्ही निवांत जेवा हो, कुठल्याही हाताने जेवा." आणि मग मला, "पान हलवायचं नाही."

ते बिचारे अळूसाठी अख्खं पान ओलांडून हात नेत होते आणि दर वेळी बाही कोशिंबिरीला पुसून येत होती. पांढरा कुर्ता होता. दह्याचं एवढं काही दिसलं नाही, लोणच्याचं दिसलं.

दुसऱ्या पंगतीला आम्ही वाढपी मंडळी स्टीलची खणांची ताटं घेऊन गॅलरीत पंख्याखाली बसलो. त्यात मीठ कुठे पडलं ते बघायला कुणी आलं नाही, पुरणपोळ्याही दोनच उरल्या होत्या.