खीरगंगेचं पिठलं

माझा निळा टॉवेल सध्या डोंबिवलीत आहे. आज सकाळी सहा चाळीसला त्याचा फोटो आला. गॅलरीतली दोरी, डावीकडे कुणाची तरी बनियन, उजवीकडे पायपुसणं, मधे माझा टॉवेल आणि खाली मेसेज, "तुझा पंचा किती पटकन वाळतो गं! कुठून घेतलास?" पुढे गुलाबाचं फूल.

तो पंचा नाहीये. ट्रॅव्हल टॉवेल आहे तो, घडी केली की मुठीत मावतो, आणि नऊ दिवसांच्या ट्रिपसाठी मी जे काही विकत घेतलं त्यातली सगळ्यात महाग वस्तू तीच होती, 650 रुपये. बाकी सगळं फुकटात किंवा फुकटाच्या आसपास बसवलं होतं. स्लीपरचं तिकीट, पाठीवर बहिणीची जुनी सॅक, खाऊ म्हणून आईच्या दशम्या, शेवटचे दोन दिवस हिमाचलमधल्या मणिकर्णला गुरुद्वाऱ्यात झोपायचं आणि लंगरमध्ये जेवायचं असा प्लॅन. तिथल्या उकळत्या झऱ्यात भात शिजतो, म्हणजे गॅससुद्धा फुकट, माझ्यासारखीनं तर तिथं नुसते हात जोडून उभं राहावं.

प्रश्न आंघोळीचा होता. कसोलला मी ज्या हॉस्टेलमध्ये उतरले तिथं नळाला येणारं पाणी बहुतेक अर्ध्या तासापूर्वीपर्यंत बर्फ होतं, आणि गरम पाण्याची बादली 50 रुपये. पन्नास! एका बादलीला! ती पण पाऊण भरलेली! मी तीन दिवस तत्त्वाखातर आंघोळ केली नाही. चौथ्या दिवशी तत्त्वाचा वास यायला लागला. आता खरं तर चार किलोमीटरवर मणिकर्णला जाऊन गरम पाण्यात डुंबता आलं असतं, पण मला फोटोतलं कुंड हवं होतं. तुम्ही पण पाहिला असेल तो फोटो. डोंगराच्या कडेला कुंड, त्यातून वाफा येतायत, समोर बर्फाची शिखरं आणि पाण्यात गळ्यापर्यंत बसलेला एक माणूस, जगात कुठलीच ईएमआय नसल्यासारखा. ती खीरगंगा. बरशैनीपर्यंत बस, पुढे साधारण 12 किलोमीटर चालत, उंची 2950 मीटरच्या आसपास, म्हणजे कळसूबाई घ्या आणि तिच्यावर अजून पाऊण कळसूबाई ठेवा. कुंडाला तिकीट नाही. बस्स, एवढं वाचूनच मी निघाले होते.

चढाचं फार सांगत नाही, दम लागला. रुद्रनागच्या धबधब्याशी मी एका दगडावर बसून मोबाईलला रेंज शोधण्याचं नाटक करत असताना (खरं तर श्वास शोधत होते) खालून सात-आठ ज्येष्ठ नागरिक आले, हातात काठ्या, डोक्याला माकडटोप्या, आणि ते लोक भेंड्या खेळत होते. चढावर! गात! त्यातल्या एक बाई, पंजाबी ड्रेसखाली पांढरेशुभ्र स्पोर्ट शूज, माझ्याकडे बघून शेजारणीला मराठीत म्हणाल्या, "बघ, हल्लीच्या पोरींत दमच नाही." मी बिगरमराठी आहे अशा खात्रीनं. मला राग आला पण बोलायला श्वास नव्हता, म्हणून मी पण बिगरमराठी चेहरा करून बसले. इथंच चुकलं माझं. तेव्हाच "नमस्कार काकू" म्हणून टाकलं असतं तर पुढचं सगळं वाचलं असतं.

वर पोचले आणि कळलं की फोटोतलं कुंड पुरुषांचं आहे.

बायकांचं बाजूला. भिंतींच्या आत. म्हणजे पाणी तेच, झरा तोच, चढ तर तोच तोच, पण पुरुषांना समोर आख्खी दरी आणि बर्फ, आणि आम्हाला समोर भिंत. मी दोन मिनिटं बाहेर उभी राहून बघत होते, एक जण पाण्यात बसून घरच्यांना दाखवायला समोरच्या शिखराचा व्हिडिओ काढत होता, बायकोलाच असणार. कुणी म्हणेल भिंत तुमच्याच सोयीसाठी आहे, बरोबर आहे, मोबाईल घेऊन फिरणारे नग आहेतच, पण मग भिंत त्या नगांभोवती बांधा ना. त्यांना कोंडा आत आणि आम्हाला द्या डोंगर. असो. चप्पल काढली, कपडे बदलून जुनी लेगिंग आणि टीशर्ट घातला, पाय घातला पाण्यात आणि तोंडातून गेलं,

"आई गं!"

कुंडात एकदम शांतता. मग वाफेतून आवाज, "मराठी का गं?"

त्याच. पांढऱ्या बुटांच्या. गाऊन घालून बसल्या होत्या पाण्यात, फुलाफुलांचा, आणि त्यात हवा भरून तो चहूबाजूंनी असा फुगला होता की मधोमध फक्त डोकं, कमळावर लक्ष्मी बसावी तसं. आजूबाजूला अजून चौघी, त्यांचे पण गाऊन.

"हो."

"मग मघाशी बोलली नाहीस ते!"

"मघाशी... दमले होते."

"तेच म्हणत होते मी," काकू शेजारणीला म्हणाल्या. "कुठली?"

"पुण्याची."

"पुण्यात कुठे?"

"वारजे."

"म्हणजे पुण्याबाहेर." हे डोंबिवलीच्या बाई म्हणाल्या, नोंद घ्या. "एकटीच आलीस? घरी सांगून?"

"काकू, मी 33 वर्षांची आहे."

"ते नाही विचारलं मी."

हे टाळायलाच तर मी एवढ्या लांब आले होते हो. नोकरी काय, पगार किती, एकटीच का, या तीन प्रश्नांपासून दोन दिवस रेल्वे, एक रात्र बस आणि 12 किलोमीटर चढ एवढं अंतर टाकलं होतं मधे, आणि ते तिन्ही प्रश्न माझ्या आधी वर पोचून गरम पाण्यात पाय सोडून बसले होते. बाहेर माझी सॅक पाहिली होती म्हणे त्यांनी, शिवलेली, बाजूला लटकवलेला पार्ले-जीचा पुडा, त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की माझी नोकरी गेलीय. मी म्हटलं नाही हो, सुट्टी काढून आलेय, बजेट ट्रिप. "बजेट" हा शब्द ऐकून चौघींनी एकमेकींकडे जे पाहिलं ना, ते आपण दहाव्याला पाहतो.

मी विषय बदलायला म्हटलं, पाणी काय मस्त गरम आहे नाही. आणि फसले. काकू 31 वर्षं शाळेत भूगोल शिकवून रिटायर झालेल्या.

"का गरम आहे?"

"अं?"

"पाणी. गरम का आहे?"

"ज्वालामुखी...?"

"कुठाय ज्वालामुखी? दाखव मला." पाण्यातून एक बोट वर आलं. "पावसाचं, बर्फाचं पाणी खडकांच्या भेगांतून खाली मुरतं. खूप खोल. दर किलोमीटरला तापमान किती वाढतं?"

मला माहीत नव्हतं. मागून एक काकू पुटपुटल्या, "पंचवीस ते तीस..."

"सुनंदा, सांगू नकोस तिला! पंचवीस ते तीस अंश. मग तेच पाणी तापून मोठ्या भेगेतून भरभर वर येतं, निवायला वेळच मिळत नाही. आता सांग, आपल्याकडे कुठे आहेत गरम झरे?"

"वज्रेश्वरी."

"ते सगळेच सांगतात. पुढे?"

मी गळ्यापर्यंत पाण्यात, डोळ्यांत वाफ, समोर भिंत, आणि माझी तोंडी परीक्षा चालू. मी गप्प. शेवटी त्यांनीच धाडधाड नावं घेतली, गणेशपुरी, अकलोली, तुरळ, राजवाडी, दापोलीकडचं उन्हवरे, पालीजवळचं उन्हेरे, राजापूरचं उन्हाळे, जळगावकडे उनपदेव, नांदेडला उनकेश्वर. "शेवटच्या पाचांत काय दिसतं?" "ऊन," मी म्हटलं. "शाब्बास. उन्ह म्हणजे गरम. ऊन ऊन भात म्हणतो ना, तेच. आपल्या लोकांनी गावाच्या नावातच पाणी तापवून ठेवलंय आणि तू ते सोडून इथे आलीस." आता हे मला खरंच आवडलं, कबूल करते, आणि जरा लाज पण वाटली, कारण आमचं आजोळ खेडजवळ आणि उन्हवऱ्याला मी जन्मात गेलेली नाही. पण एवढ्यात त्यांनी पिशवीतून डबा काढला.

डब्यात बेसन. हळद घातलेलं.

मी म्हटलं, काकू, बाहेर पाटी आहे, साबण लावू नका म्हणून.

"साबण कुठाय? बेसन काय साबण आहे? हे अन्न आहे."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही. पाचही जणींनी मूठ मूठ घेतलं आणि सुरू झाल्या. आता विचार करा, गरम पाणी, त्यात बेसन, त्यात हळद. खीरगंगेच्या पाण्यात पांढुरके धागे तरंगतात, त्यावरून पार्वतीनं कार्तिकेयासाठी इथं खीर केली अशी गोष्ट सांगतात. पाच मिनिटांत खीर गेली आणि पिठलं झालं. आम्ही सहा जणी पिठल्यात बसलेलो, फक्त फोडणी आणि भाकरी नव्हती. कोपऱ्यात दोन इस्रायली मुली होत्या, त्यांनी हळूच एकमेकींना काहीतरी सांगितलं आणि निघून गेल्या, मला त्यांना ओरडून सांगायचं होतं की मी यांच्यातली नाहीये. पण तेवढ्यात,

"जरा पाठ घास गं बाळ. हात पोचत नाही."

काय करणार. घासली. भूगोल झाल्यावर नाही म्हणायची माझी ताकद संपली होती. "जोरात. अजून. खांद्याकडे." मग सुनंदाकाकू म्हणाल्या, चांगली घासते हो मुलगी, आणि पाठ करून बसल्या. मग तिसऱ्या. एक तर म्हणाल्या, मला स्पॉन्डिलायटिस आहे, मानेला हळू. एकूण पाच पाठी. मी 2950 मीटरवर, चार दिवसांची पारोशी, स्वतःला एक चिमूट बेसन न लागता, पाच डोंबिवलीकर पाठी घासल्या, आणि भिंतीपलीकडून पुरुषांच्या कुंडातून कोण तरी "वाह, क्या व्ह्यू है यार" म्हणत होतं.

मी म्हटलं, काकू, आता माझी...

"अगं जेवणाची वेळ झाली, चला गं चला." आणि पाचही कमळं एकदम पाण्यातून वर उठली. गडबडीत दोरीवरचा निळा टॉवेल काकूंनी खांद्यावर टाकला. मी "काकू, तो माझा" म्हणेपर्यंत त्या परत आल्या, मला वाटलं द्यायला आल्या, तर माझ्या मुठीत 100 रुपये कोंबले. "राहू दे. काही खा. आणि आईला फोन कर." वर माझा नंबर घेतला, ग्रुपच्या पुढच्या ट्रिपसाठी म्हणे, ज्येष्ठ नागरिकांच्या.

मी ते 100 रुपये घेतले. हो, घेतले! पारोशी, ओली, टॉवेल नाही, बाहेर कडाक्याची थंडी, टीशर्टवर बेसनाच्या गुठळ्या. त्यातून ढाब्यावर एक मॅगी आली, मॅगीचा भाव पण उंचीबरोबर चढतो तिथं, दर किलोमीटरला किती वाढतो ते कोणी शिकवत नाही. उरलेले वीस रुपये मी वॉलेटमध्ये वेगळे ठेवलेत, का ते माहीत नाही. फेडायचे की काय.

मघाशी मी त्यांना मेसेज केला, सभ्यपणे, काकू तो टॉवेल कुरियर कराल का. उत्तर लगेच आलं. "कुरियर कशाला, फुकट पैसे घालवू नकोस. रविवारी ये ना घरी. येताना अर्धा किलो भाकरवडी आण, सुनंदालाही हवीय, तिची वेगळी."